रबरी धांवेवरील जकात : अमेरिका व चीन यांचें टायर-प्रकरण (इ. स. २००९–२०१२)

जकातीचा इतिहास म्हटला कीं मीठ, कापड, साखर, नीळ, अफू हीं नांवें वाचकांच्या मनांत प्रथम उभीं राहतात, व तें स्वाभाविकही आहे. मोटारीच्या टायरासारख्या कालपरवांच्या वस्तूचा इतिहास लिहावयाचा म्हणजे इतिहाससंशोधकानें आपली वाट सोडली असें कित्येकांस वाटेल. परंतु बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी धांव तापवून चढवितो, तिचेंच टायर हें रबरी रूप आहे. आणि या धांवेवर इ. स. २००९ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं जी जादा जकात बसविली, तिचें प्रकरण अभ्यासकाच्या दृष्टीनें मोठें सोयीचें आहे. सामान्यतः एखादी जकात कोणी मागितली, कां मागितली, तिजविरुद्ध कोण उभे राहिले, ती कधीं उठली व उठल्यावर काय घडलें, या सर्वांचे कागद एकत्र सांपडत नाहींत. येथें मात्र अर्ज, चौकशी, निवाडा, अपील व शेवट हे पांचही टप्पे अवघ्या साडेतीन वर्षांत उरकले असून त्यांचीं बहुतेक साधनें उघडीं आहेत. एवढें असूनही या जकातीनें कामगारांचें भलें झालें कीं नाहीं, याविषयीं दोन पक्ष अद्याप कायम आहेत. तो वाद कोठें अडतो हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

टायराची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. हवा भरलेल्या चाकाचा पहिला हक्क रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं इंग्लंडांत नोंदविला. पण त्या वेळीं वाहनें घोड्याचीं, व रबर महाग. त्यामुळें ती कल्पना तशीच पडून राहिली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डन्लॉप यानें ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली, तेव्हां सायकलीचा काळ आलेला होता व लौकरच मोटारीचाही आला. रबराचें झाड मूळचें ब्राझीलचें. हेन्री विकहॅमनें १८७६ सालीं तेथून नेलेल्या बियांपासून लंडनजवळील क्यू येथील बागेंत रोपें झालीं, तीं सिंहलद्वीप व मलाया येथें गेलीं, आणि पन्नास वर्षांच्या आंत जगांतील बहुतेक रबर ब्रिटिश व डच अंमलाखालील मळ्यांतून येऊं लागलें. त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक मात्र अमेरिका होता. रबर पूर्वेचें, कारखाने ओहायो प्रांतांतील अ‍ॅक्रन शहरीं, व गाड्या सर्व अमेरिकाभर, अशी ही त्रिस्थळी होती.

या त्रिस्थळींत पहिला मोठा खटका १९२२ सालीं उडाला. महायुद्धानंतर रबराचे भाव कोसळल्यामुळें मळेवाले हवालदिल झाले होते. म्हणून स्टीव्हन्सन कमिटीच्या शिफारशीवरून ब्रिटिश वसाहतखात्यानें मलाया व सिंहलद्वीप येथील निर्यातीवर त्या सालच्या १ नोव्हेंबरपासून मर्यादा घातली. मर्यादेबाहेरील मालावर चढती निर्यात-जकात पडे. भाव चढूं लागले, व १९२५ च्या उन्हाळ्यांत पौंडास एक डॉलर वीस सेंटांच्या वर गेले. अमेरिकेचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीं या योजनेविरुद्ध मोठी ओरड केली. हार्वे फायरस्टोन यानें १९२६ सालीं आफ्रिकेंतील लायबेरियाकडून दहा लक्ष एकरांपर्यंत जमीन नव्याण्णव वर्षांच्या कराराने मिळविली. हेन्री फोर्ड थेट ब्राझीलच्या अरण्यांत शिरला, व तेथें त्याचे पैसे बुडाले. परंतु ब्रिटिश योजना मोडली ती या दोघां धनिकांमुळें नव्हे. डच ईस्ट इंडीजनें तींत भाग घेतला नव्हता. सुमात्रा व बोर्निओ येथील लहान शेतकऱ्यांनीं वाढलेल्या भावाचा लाभ उठवून झाडें लाविलीं आणि ब्रिटिश मळ्यांनीं मोकळी सोडलेली जागा भरून काढली. १९२८ च्या नोव्हेंबरांत योजना रद्द झाली. पुढें १९३४ चा आंतरराष्ट्रीय करार झाला तेव्हां ही चूक सुधारून नेदर्लंड्स, फ्रान्स, सयाम व हिंदुस्थान यांसही त्यांत गोंविण्यांत आलें. एका ठिकाणची वाट अडविली म्हणजे माल थांबत नाहीं, दुसऱ्या ठिकाणाहून येतो, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

आतां कारखान्यांकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या मिशलिन कंपनीनें रेडियल टायर काढला. जुन्या पद्धतीच्या टायराहून तो कितीतरी अधिक टिकतो. ग्राहकाच्या दृष्टीनें ही सोय खरी, पण जो टायर दुप्पट चालतो तो निम्म्या वेळांच बदलावा लागतो, हा हिशेब कारखान्यांस जड गेला. १९७० नंतर अमेरिकेंतील जुने कारखाने एकामागून एक बंद होऊं लागले व अ‍ॅक्रनचें वैभव ओसरलें. याच ओघांत मालकीही पालटली. जनरल टायर कंपनी १९८७ सालीं जर्मनीच्या कॉन्टिनेंटलकडे गेली. फायरस्टोन १९८८ सालीं जपानच्या ब्रिजस्टोनकडे. गुडरिच व युनिरॉयल यांचा एकत्रित धंदा नंतर लौकरच मिशलिनकडे. मोठ्या अमेरिकन मालकीच्या म्हणाव्या अशा गुडइयर व कूपर या दोनच कंपन्या उरल्या. हें सर्व चिनी मालाचा मागमूसही नव्हता तेव्हांचें आहे. अमेरिकन टायर-कामगाराच्या हलाखीचा आरंभ चीनपासून धरणारे लेखक या तीस वर्षांकडे डोळेझाक करतात असें आम्हांस वाटतें.

तथापि चिनी मालाची चढाई खोटी नव्हती. अमेरिकन आंतरराष्ट्रीय व्यापार कमिशनच्या चौकशींत जे आंकडे आले, त्यांप्रमाणें २००४ सालीं चीनमधून प्रवासी मोटारींचे व हलक्या ट्रकांचे १ कोटी ४६ लक्ष टायर आले होते. २००८ सालीं ती संख्या ४ कोटी ६० लक्षांवर गेली. किंमतीनें पाहिलें तर ४५ कोटी डॉलरांवरून सुमारें १८० कोटींवर. अमेरिकेंतील एकंदर खपांत चिनी टायरांचा वांटा शेंकडा ४.७ होता तो १६.७ झाला. त्याच चार वर्षांत देशी उत्पादन चतुर्थांशाहून अधिक घटलें. टेक्सासमधील टायलर येथील गुडइयरचा कारखाना २००७ च्या अखेरीस बंद पडला. तो वांचावा म्हणून आदल्या वर्षीं कामगारांनीं सुमारें तीन महिने संप केला होता व त्यांतून त्यांस एका वर्षाची मुदत तेवढी मिळाली होती. २००८ च्या डिसेंबरांत कूपरनें जॉर्जियांतील अल्बनी येथील कारखाना बंद करण्याचें जाहीर केलें. तेथें दोन हजारांवर माणसें कामास होतीं. अशा गांवांत कारखाना गेला म्हणजे दुसरें काम सहसा नसतें.

चीनविरुद्ध दाद मागण्याचा जो विशेष मार्ग होता, त्याची हकीकत अशी. ११ डिसेंबर २००१ रोजीं चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला, तेव्हां त्याच्या प्रवेशपत्रांत एक कलम घालण्यांत आलें कीं, पुढील बारा वर्षें चीनच्या एखाद्या मालाची आयात झपाट्यानें वाढून आयात करणाऱ्या राष्ट्राच्या धंद्यास मोठी इजा पोहोंचत असेल, तर त्या राष्ट्रानें केवळ चीनच्याच मालावर तात्पुरता निर्बंध घालावा. सामान्य नियमाप्रमाणें असा निर्बंध सर्व राष्ट्रांच्या मालावर सारखा घालावा लागतो. शिवाय येथें चीननें कांहीं गैर केलें असें सिद्ध करण्याचीही गरज नव्हती. आयात झपाट्यानें वाढली आणि ती इजेचें एक महत्त्वाचें कारण आहे, एवढें दाखविलें कीं पुरे. अमेरिकन कायद्यांत हें कलम ४२१ व्या क्रमांकानें नमूद झालें. अध्यक्ष बुश यांच्या कारकीर्दींत या कलमाखालीं चार प्रकरणीं कमिशननें अर्जदारांच्या बाजूनें कौल दिला. कपडे टांगण्याचे तारेचे आंकडे, पाणीपुरवठ्याचे बिडाचे सांधे, पोलादी नळ व एक यंत्राचा भाग, असे ते जिन्नस होते. चारही वेळां अध्यक्षांनीं जकात बसविण्याचें नाकारलें. तात्पर्य, कलम होतें, पण मृतवत् पडलें होतें.

२० एप्रिल २००९ रोजीं युनायटेड स्टीलवर्कर्स या कामगारसंघानें टायरांबद्दल अर्ज केला. या अर्जाचें वैशिष्ट्य असें कीं, तो कामगारांनीं केला, मालकांनीं नव्हे. देशांतील टायर-उत्पादनापैकीं सुमारें निम्म्याचे कामगार या संघांत होते, व चिनी आयातीमुळें पांच हजारांहून अधिक जागा गेल्या असें त्याचें म्हणणें होतें. उलट एकाही कारखानदारानें अर्जास जाहीर पाठिंबा दिला नाहीं. याचें कारण उघड आहे. यांपैकीं बहुतेक मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे कारखाने चीनमध्यें होते, व अमेरिकेंत येणाऱ्या चिनी टायरांत त्यांच्याही टायरांचा भरणा होता. संरक्षक जकातीच्या इतिहासांत देशी धंदा म्हणजे देशी कारखानदार असें गृहीत धरून चालण्याची रूढि आहे. येथें धंदा म्हणजे भांडवल कीं श्रम, असा प्रश्न प्रथमच इतक्या उघडपणें कमिशनपुढें उभा राहिला, आणि भांडवल परदेशी व परदेशांतील कारखाना देशी मालकीचा, असा उलटा व्यवहार असल्यामुळें त्याचें उत्तर सोपें नव्हतें.

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा होता कीं, अमेरिकेंत टायरांच्या तीन प्रती चालतात: नामांकित, मध्यम व स्वस्त, पैकीं स्वस्त प्रतीचा माल करणें देशी कंपन्यांनीं आपल्या खुषीनें सोडून दिलें, कारण त्यांत नफा नाहीं, चिनी माल त्या मोकळ्या जागेंत शिरला, त्यानें कोणास हुसकावलें नाहीं. कमिशनच्या बहुमतास हें पटलें नाहीं. प्रतींच्या सीमा इतक्या स्पष्ट नाहींत, एका प्रतीचा भाव दुसरीवर दाब आणतो, आणि कारखाने बंद करण्याचे निर्णय चिनी मालाच्या भरतीकडे पाहूनच झाले, असें चार सभासदांनीं ठरविलें. दोघे विरुद्ध होते. कामगारसंघानें संख्येची मर्यादा मागितली होती, ती अशी कीं पहिल्या वर्षीं चीनमधून २ कोटी १० लक्षांवर टायर येऊं नयेत. कमिशननें मर्यादेऐवजीं जकात सुचविली: पहिल्या वर्षीं शेंकडा ५५, दुसऱ्या वर्षीं ४५, तिसऱ्या वर्षीं ३५. अध्यक्ष ओबामा यांनीं ११ सप्टेंबर २००९ रोजीं निकाल दिला, त्यांत हे दर उतरवून अनुक्रमें ३५, ३० व २५ केले. ही जकात नेहमींच्या दराखेरीज होती. रेडियल टायरावर तो दर अवघा शेंकडा ४ होता. अंमल २६ सप्टेंबरपासून सुरू झाला.

दोन दिवसांतच चीननें प्रत्युत्तर दिलें. अमेरिकेंतून येणाऱ्या कोंबड्यांच्या मांसाविरुद्ध व मोटारींविरुद्ध चौकशी सुरू करण्याची घोषणा झाली. येथें कोंबडीचा संबंध काय, असें वाचक विचारतील. अमेरिकन लोक कोंबडीचे पंजे खात नाहींत. चीनमध्यें ते आवडीनें खाल्ले जातात व त्यांस चांगला भाव येतो. म्हणजे जो माल घरीं जवळजवळ टाकाऊ, त्याचेंच गिऱ्हाईक चीननें बंद केलें. २०१० सालीं या मांसावर शेंकडा ५० पासून १०५ पर्यंत जकात बसली. टायराचा कामगार ओहायो-टेनेसीकडचा, व कोंबड्या पाळणारा जॉर्जिया-आर्कान्साकडचा. एकाच्या अर्जाची किंमत दुसऱ्यानें भरली, ही गोष्ट अमेरिकन कायद्याच्या चौकशींत कोठेंच बसत नाहीं. पुढें जागतिक व्यापार संघटनेपुढें ही कोंबडीवरील जकात नियमबाह्य ठरली, पण तो निवाडा २०१३ सालचा, म्हणजे टायरांची जकात उठून गेल्यानंतरचा होता.

टायरांबद्दल चीननें १४ सप्टेंबर २००९ रोजींच जिनिव्हा येथें तक्रार गुदरली. १३ डिसेंबर २०१० रोजीं पंचांनीं अमेरिकेच्या बाजूनें निकाल दिला व ५ सप्टेंबर २०११ रोजीं अपील मंडळानें तोच कायम केला. वादाचा गाभा 'झपाट्यानें' व 'महत्त्वाचें कारण' या दोन पदांच्या अर्थाभोंवतीं होता. चीनचें म्हणणें, शेवटच्या वर्षांत वाढीचा वेग मंदावला होता, म्हणून आयात झपाट्यानें वाढत होती असें म्हणतां येत नाहीं. मंडळानें सांगितलें कीं, वेग कमी झाला तरी वाढ चालूच व मोठी असेल तर ती झपाट्याचीच; आणि कारण महत्त्वाचें असण्यास तें एकमेव किंवा सर्वांत मोठें असण्याची गरज नाहीं.

आतां परिणामांकडे येऊं. जकात लागू होतांच चीनमधून येणाऱ्या टायरांची संख्या पुढील तिमाहींत एकदम निम्म्याखालीं गेली. परंतु अमेरिकेंत येणाऱ्या एकंदर परदेशी टायरांचें तसें झालें नाहीं. दक्षिण कोरिया, थायलंड, इंडोनेशिया, तैवान, मेक्सिको येथून आयात वाढली व चिनी टायरांनीं सोडलेली जागा मोठ्या प्रमाणांत तिनें भरली. १९२२ सालीं ब्रिटिशांस सुमात्रेनें जें शिकविलें तेंच हें. येथें आमच्या वाचकांच्या परिचयाच्या एका पत्राची आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. इ. स. १६७१ च्या डिसेंबरांत शिवाजी महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयीं लिहिलें. पोर्तुगीज अंमलांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडल्यानें आपल्या मुलखांतील मिठाचा व्यापार बुडेल. म्हणून संगमेश्वराकडील मिठाचा भाव पाहून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी कीं तें महाग पडावें, असा त्याचा आशय आहे. तेथें दर पूर्वींच नेमलेला नाहीं. दोन ठिकाणच्या भावांतील फरक हाच दर. शिवाय घाटावर मीठ नेणाऱ्या व्यापाऱ्यापुढें जवळचीं ठिकाणें दोनच, एक आपलें व एक परक्याचें. एकावर जकात बसली कीं तो दुसऱ्याकडे वळणारच. टायराचा व्यापारी मात्र बंदरावर उभा राहून साऱ्या जगाकडे पाहतो. चीनचा दरवाजा लागला तर त्यास बँकॉकचा उघडा असतो. म्हणून सतराव्या शतकांतील जकात जें करूं शकली असेल तें एका देशापुरत्या जकातीकडून एकविसाव्यांत व्हावें ही अपेक्षाच फोल होती, असें आमचें मत आहे.

राहिला कामगारांचा प्रश्न. २४ जानेवारी २०१२ रोजीं काँग्रेसपुढील भाषणांत अध्यक्षांनीं सांगितलें कीं, चिनी टायरांची लाट थोपविल्यामुळें हजारांहून अधिक अमेरिकन आज कामावर आहेत. त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील पीटरसन इन्स्टिट्यूटचे गॅरी हफबाउअर व शॉन लौरी यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणें जास्तींत जास्त १,२०० जागा वांचल्या. परंतु टायर महागल्यामुळें २०११ या एका वर्षांत अमेरिकन ग्राहकांस सुमारें ११० कोटी डॉलर अधिक मोजावे लागले, म्हणजे दर जागेमागें नऊ लक्ष डॉलर पडले. त्यांतील फारच थोडा भाग कामगारांच्या हातीं गेला, व किरकोळ विक्रीच्या धंद्यांत ग्राहकाचा पैसा आटल्यामुळें वांचल्या त्याहून अधिक जागा गेल्या, असेंही त्यांनीं म्हटलें. हा नऊ लक्षांचा आंकडा पुढें इतका गाजला कीं जकातीविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण तो तोंडपाठ म्हणूं लागला.

हे दोन्ही आंकडे आम्ही शेजारीं ठेवून पाहिले तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. भाषणांतील हजार व निबंधांतील बाराशें हे एकाच जातीचे आंकडे आहेत. जकातीच्या आरंभीं टायर-कारखान्यांत जितके लोक होते त्याहून दोन वर्षांनीं तितके अधिक झाले, एवढाच त्यांचा आधार. निबंधकारांनीं तर ती सगळी वाढ जकातीमुळेंच झाली असें वादापुरतें धरून चालल्याचें सांगितलेंच आहे. परंतु याच दोन वर्षांत अमेरिकेंतील मोटारींची विक्री मंदीच्या खाईंतून वर आली. २००९ सालीं ती सुमारें १ कोटी ४ लक्ष होती, २०११ सालीं १ कोटी २७ लक्ष झाली. नव्या गाडीस टायर लागतातच. तेव्हां ही वाढ जकातीची कीं मोटारींची हें त्या आंकड्यांवरून कळत नाहीं. उलटपक्षीं, जकात नसती तर कारखान्यांची पडझड पूर्वींच्याच वेगानें चालली असती, असें कोणी म्हटल्यास वांचलेल्या जागा बाराशेंहून पुष्कळ अधिक ठरतील, व दर जागेमागील किंमत तितकीच उतरेल. 'वाढलेल्या' जागा व 'वांचलेल्या' जागा या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. पहिल्या मोजतां येतात, दुसऱ्यांस अनुमानाचाच आधार. दोन्ही पक्षांनीं पहिल्या मोजून दुसऱ्यांचें नांव घेतलें. ग्राहकावरील बोजाचा आंकडा त्या मानानें अधिक भरंवशाचा आहे, कारण भाव चढल्याचा पुरावा आयातीच्या नोंदींत आहे.

या वादांत एक घटना मात्र कोणीही पुढें करीत नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. टेनेसींतील युनियन सिटी येथील गुडइयरचा कारखाना २०११ च्या जुलईंत बंद झाला. तेथें सुमारें १,९०० लोक काम करीत. त्या वेळीं जकातीचें दुसरें वर्ष चालू होतें व चिनी टायरांवर शेंकडा ३० जादा पडत होते. हा एक कारखाना बंद पडल्यानें जकात निष्फळ ठरते असें नाहीं; परंतु त्या गांवच्या माणसांस हजार जागा वांचल्याचें भाषण कसें ऐकूं आलें असेल, हें कोणत्याही कोष्टकांत येत नाहीं.

साधनांविषयीं एक शब्द. कमिशनचा अहवाल सर्वांस खुला आहे हें खरें; परंतु कंपन्यांचे खाजगी आंकडे त्यांतून गाळलेले असून त्या जागीं केवळ तारका छापल्या आहेत. कोणत्या कंपनीनें किती नफा मिळविला, चीनमधील आपल्याच कारखान्यांतून कितीं टायर आणविले, हें नेमकें तेथेंच नाहीं. वाळवीनें खाल्लेल्या दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस या तारकांचा राग येईल. वाळवी निदान पक्षपात करीत नाहीं.

सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस जकातीची मुदत संपली व ती वाढविण्यांत आली नाहीं. चिनी टायर पुन्हां येऊं लागले. ४२१ वें कलमही २०१३ च्या डिसेंबरांत बारा वर्षें भरून संपुष्टांत आलें. म्हणून कामगारसंघानें २०१४ च्या जूनमध्यें दुसरें शस्त्र काढलें: मूळ भावाहून कमी दरानें माल परदेशांत लोटल्याचा, ज्यास डंपिंग म्हणतात त्याचा, व चिनी सरकारनें कारखान्यांस आर्थिक साह्य दिल्याचा आरोप. यांत दोष सिद्ध करावा लागतो, पण सिद्ध झाला तर जकात तीन वर्षांनीं आपोआप उठत नाहीं. २०१५ च्या जुलईंत कमिशनचीं मतें तीनास तीन अशीं समसमान पडलीं. अमेरिकन कायद्याप्रमाणें समसमान मतें अर्जदाराच्या बाजूचीं धरतात. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें दोन्ही प्रकारच्या जकाती लागू झाल्या.

तेव्हां चिनी कंपन्यांनींच जागा बदलली. मराठेशाहींतील जकातीच्या कागदांत थळभरीत व थळमोड असे दोन शब्द येतात; माल जेथें भरला तेथील जकात एक, व जेथें उतरून विकला तेथील दुसरी. आजची आयात-जकातही थळभरीत कोणतें यावरच ठरते. साइलुन कंपनीनें व्हिएतनाममध्यें, लिंगलाँग व झाँगत्से यांनीं थायलंडांत कारखाने काढले. यांतील कांहींचा आरंभ तर २०१५ च्या आधींच झाला होता. माल त्याच घरचा, थळभरीत निराळें. दुसरीकडे कुम्हो, हँकूक व गिटी या आशियाई कंपन्यांनीं जॉर्जिया, टेनेसी व दक्षिण कॅरोलायना येथें नवे कारखाने २०१६–१७ च्या सुमारास सुरू केले, हेंही नमूद केलें पाहिजे. म्हणजे काम अमेरिकेंत अजिबात आलें नाहीं असें नाहीं. पण तें कामगारसंघांचीं मुळें खोल नसलेल्या दक्षिणेकडील राज्यांत आलें. ज्या गांवचे कारखाने गेले त्यांस त्याचा उपयोग झाला नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत त्याच कामगारसंघानें दक्षिण कोरिया, तैवान, थायलंड व व्हिएतनाम यांविरुद्ध अर्ज केला, व २०२१ सालीं या देशांच्या टायरांवरही जकाती बसल्या. कोरियाच्या मालावर त्या शेंकडा १४.७२ ते २७.०५ अशा होत्या. व्हिएतनामच्या बाबतींत नाणें मुद्दाम स्वस्त ठेवणें हेंही सरकारी साह्यच होय असा नवा सिद्धांत अमेरिकन व्यापारखात्यानें प्रथमच लागू केला.

या इतिहासाशीं भारताचा संबंध दोन वाटांनीं आला. पहिली वाट खरेदीची. २०१३ च्या जूनमध्यें भारतांतील अपोलो टायर्स कंपनीनें अमेरिकेची कूपर कंपनी सुमारें २५० कोटी डॉलरांस घेण्याचा करार केला. परंतु कूपरचा शांतुंग प्रांतांत चिनी भागीदाराशीं जो कारखाना होता तेथील कामगारांनीं या विक्रीविरुद्ध संप पुकारला, कारखान्याचे हिशेब मिळेनासे झाले, अमेरिकेंतही स्टीलवर्कर्स संघाशीं नवा करार करण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि डिसेंबरअखेर सर्व व्यवहार फिसकटला. कूपर शेवटीं २०२१ सालीं गुडइयरकडे गेली. दुसरी वाट जकातीची. चीनमधून येणाऱ्या बसच्या व ट्रकच्या रेडियल टायरांवर भारतानें २०१७ सालीं डंपिंगविरोधी जकात बसविली, आणि १२ जून २०२० रोजीं मोटारींच्या, बसच्या व दुचाकींच्या नव्या टायरांची आयात खुल्या यादींतून काढून परवान्याच्या यादींत घातली. येथें चीनचें नांव घेतलेलें नव्हतें. परवाना सर्वच देशांच्या मालास लागूं केला, त्यामुळें थळभरीत बदलून उपयोग नव्हता. केरळांतील रबर-शेतकऱ्यांच्या रक्षणासाठीं कच्च्या रबरावर २०१५ पासून शेंकडा २५ किंवा किलोस तीस रुपये, यांपैकीं कमी असेल ती जकात होतीच. टायर-कारखानदार ती जकात उतरवावी म्हणत, आणि तयार टायरांवरील निर्बंध मात्र राहूं द्यावा म्हणत.